नदी दुपारपासून चढते आहे

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपाची किल्ली लालासाबच्या कमरेच्या दोरीला होती, आणि तरीही गेल्या श्रावणाची पाणीवही कपाटात नव्हती.

घाटावरच्या पूरमाप कचेरीत हे गुरुवारी सकाळी उघडकीला आलं, तेव्हा जिनपाल मास्तर तिथंच खुर्चीवर बसून होते. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून गोरा साहेब चौकशीला येणार होता आणि पाणी बघणाऱ्या लालासाबचा जबाब इंग्रजीत उतरवून ठेवायचा होता. एकोणीसशे दहा सालच्या कोल्हापुरात इंग्रजी येणारी माणसं काही कमी नव्हती. पण वेळेचं इंग्रजी शिकावं तर जिनपाल मास्तरांकडं, असं गावात बोललं जाई. अमक्या वेळेपासून, तमक्या वेळेपर्यंत, इतका वेळ, इतक्या वेळाच्या आत. सिन्स, टिल, फॉर आणि बाय. या चार शब्दांवर आमचा संसार चाललाय, असं त्यांच्या पत्नी सीताबाई म्हणत. आणि मास्तरही असे, की शिष्याची वही किती वाजता हातात आली आणि तपासून किती वाजता परत दिली, हे प्रत्येक पानावर तांबड्या शाईनं लिहून ठेवत. शिकवायचं ते आधी आपण पाळायचं, हा त्यांचा हट्ट.

चौकशी साधी नव्हती. गेल्या श्रावणात पंचगंगा लाल खुणेच्या वर गेली होती. अशी खबर तारेनं शिरोळकडच्या स्टेशनवर जायची आणि तिथला स्वार कृष्णाकाठच्या वाड्यांना सावध करायचा. त्या दिवशी तार गेली संध्याकाळी सातला. अंधारात चिखल तुडवत स्वार पहाटे मळीवाडीला पोचला, तेव्हा वाडी पाण्याखाली होती. सात माणसं गेली. आता प्रश्न एवढाच होता, की पाणी खुणेवर चढल्याचं लालासाबनं कचेरीत कधी सांगितलं. लालासाब म्हणत होता, भर दुपारी. शिरस्तेदार दादासो म्हणत होते, दिवेलागणीला. खरी वेळ पाणीवहीत लिहिलेली होती.

"किल्ली एकाकडं, मग जाब दुसऱ्याला कसा विचारायचा?" दादासो म्हणाले. थंडी असो नसो, त्यांच्या गळ्याला गळपट्टा असायचाच. साहेब लोक आले की घसा धरतो, असं ते सांगत.

"नमाजाला जाताना किल्ली हितं खुंटीला अडकवतो मी," लालासाब म्हणाला. "बावीस वरसं अडकवतोय. कुणाचाबी हात पोचतोय की तितं."

"कुणाचा म्हणजे? कचेरीत मी, तू आणि पिराजी. माझं नाव घेतोस काय?"

दाराशी उभा असलेला पिराजी शिपाई पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. हा चाळिशीचा माणूस मास्तरांचा शिष्य होता; शिकवणीला बसायला सवड नसे, वही तेवढी तपासून नेई. या वयात इंग्रजी शिकतो म्हणून मास्तरांना त्याचं भारी कौतुक.

मास्तर उठले आणि कपाटात डोकावले. दर महिन्याची एक अशा बारा वह्या, सगळ्यांना एकसारखं काळं कापड, पाठीवर महिन्याचं नाव इंग्रजीत. दिवाळीच्या रंगसफेदीत त्या बाहेर काढल्या होत्या आणि परत ठेवताना कशाही कोंबल्या होत्या. जानेवारीच्या शेजारी ऑक्टोबर बसला होता. अकरा वह्यांवर धुळीचा सारखा थर होता. मधे एकच रिकामी जागा. आजूबाजूची एकही वही बोटभर हललेली नव्हती.

"नेणाऱ्यानं शोधाशोध केलेली नाही," मास्तर म्हणाले. "हात सरळ त्याच वहीवर गेलाय."

"मग लालासाबच की," दादासो म्हणाले. "कपाट कुणाच्या रोजच्या राबत्यातलं?"

मास्तरांनी मान डोलावली. पण ती धूळ काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

२

दुपारी मास्तर घरी आले तर ओसरीवर लालबी बसलेली. लालासाबची बायको. शेजारच्या गल्लीतली, तोंडानं तिखट, पण आज ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मास्तर, माझा नवरा चोर हाय का न्हाय, ते मला इचारायचं न्हाय," ती म्हणाली. "नोकरी जाईल, जाऊ दे. हमाली करील. मला दुसरंच पायजे."

"काय पाहिजे, लालबी?"

"त्यानं त्या दिशी कवा सांगितलं, तेवढं."

मास्तर तिच्यासमोर टेकले. सीताबाईही आतून येऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांना ठाऊक होतं. मळीवाडीत गेलेल्या सातांत लालबीची धाकटी बहीण होती, सुलतानबी. तिसऱ्या दिवशी ती बाभळीला अडकलेली सापडली.

"त्यो म्हनतो, दिवस डोस्क्यावर हुता," लालबी म्हणाली. "डोस्क्यावर सांगितलं असतं तर उजेडात वाडी हलली असती. कचेरीतली म्हनत्यात दिवं लागायच्या वक्ताला. आन् माझा नवरा दुपारचं जेवून मंदिराच्या ओवरीत पडतोय, हे मला ठावं हाय. पावसात डोळा लागला आसंल. पाणी चढलं आसंल आन् ह्यो घोरत आसंल."

"तू त्याला विचारलंस?"

"इचारून काय? आपल्या मानसाचं समद्यास्नीच खरं वाटतंय. सा म्हयनं झालं, मी त्याच्या हातचं पानी पीत न्हाय. एका छपराखाली हाय, एवढंच. त्यो बी बोलत न्हाय, मी बी न्हाय." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. "जबाब तुमी लिवनार. लिवताना तुमाला कळंल. कळलं की मला सांगा. वाईट असलं तरी सांगा."

ती गेली. सीताबाई म्हणाल्या, "आता हे वेळेचं गणित जरा चुकू नका."

मास्तरांना बोलणं लागलं. चुकायला ते काय पिराजी होते? त्यावरून त्यांना एक आठवलं. गेल्याच आठवड्यात पिराजी आला होता आणि मागच्या पावसाळ्याची आपली भरलेली वही मागत होता. उजळणी करायची आहे म्हणाला. भरलेल्या वह्या मास्तर फळीवर बांधून ठेवत, शोधून ठेवतो म्हणाले आणि विसरले.

माघ महिन्यात, परीक्षा ना बिरीक्षा, पिराजीला कसली उजळणी सुचली होती?

३

तिसऱ्या प्रहरी मास्तर पुन्हा कचेरीत गेले. लालासाब घाटाच्या पायरीवर बसला होता, दगडी खांबासमोर. खांबावर फूट कोरलेले, वरच्या अंगाला तांबडा पट्टा. माघातली नदी खाली कुठंतरी निवांत पडली होती.

"कसं झालं ते सांग. उगाच तासांत सांगू नकोस, तुझ्या भाषेत सांग."

"दिवस डोस्क्यावर हुता, पन दिसत न्हवता, ढगात. पोटातली भूक सांगत हुती दुपार झाली म्हनून. भाकरी सोडली, एक घास घेतला, आन् बगतोय तर पानी पट्ट्याला लागल्यालं. भाकरी तशीच टाकली. हितनं वर पळालो. एक चिलीम भरायला लागती, तेवढ्यात कचेरीत. शिरस्तेदारांनी इचारलं, खात्री हाय? म्हटलं, डोळ्यानं बगितलंय. त्यांनी वहीत लिवलं. मी परत खाली आलो."

"लिहिलं? तू बघितलंस?"

"लिवताना बगितलं. काय लिवलं ते मला काय कळतंय?"

मास्तर कागदावर उतरवत गेले. आपल्या माणसांची वेळ ही अशी, कामाला बांधलेली: घासाची, चिलमीची, दिवसाच्या चढ-उताराची. इंग्रजीला घड्याळ लागतं. त्यांनी लिहिलं, ॲट नून. लालासाब सांगतो तसा पहिल्या घासालाच उठून पळाला होता, की ओवरीत झोपला होता? त्याच्या डोळ्यांत बघून काही कळेना. बायको सहा महिने बोलत नाही त्या माणसाच्या डोळ्यांत कुणालाही अपराधच दिसेल.

कचेरीत दादासोंनी आपला जबाब तयारच ठेवला होता. इंग्रजीत, सुबक अक्षरात. पाणी बघणाऱ्यानं सायंकाळी पावणेसातला कळवलं, तेव्हापासून पंधरा मिनिटांच्या आत तार रवाना झाली. एकेक शब्द जागच्या जागी. मास्तर वाचतानाच खूष झाले. मग थोडे बेचैन झाले. ही वाक्यं त्यांना ओळखीची वाटत होती. आपणच घातलेला अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं.

"झकास लिहिलंय. दादासो, उद्या साहेबासमोर तोंडी पण असंच बोला."

"घसा धरलाय, मास्तर," दादासो गळपट्ट्याला हात लावत म्हणाले. "मी कागद देईन."

"मागच्या साहेबाच्या वेळीही धरला होता, नाही?"

दादासो हसले. पण हसता हसता त्यांनी जबाबाचा कागद मास्तरांच्या हातातून काढून घेतला. वाचून झाला होता हे खरं, तरी घाई जरा जास्तच होती.

मास्तर बाहेर व्हरांड्यात आले. मनात तीन माणसं उभी केली. लालासाबला इंग्रजीच काय, मोडीसुद्धा येत नाही. कोंबलेल्या बारा वह्यांतली श्रावणाची, म्हणजे ऑगस्टची, नेमकी त्यानं कशी उचलली? ज्याला पाठीवरचं नाव वाचता येतं, त्याचाच हात सरळ जाईल. म्हणजे दादासो. नाहीतर तीन वर्षं आपल्याकडं इंग्रजी शिकणारा पिराजी.

आणि पिराजी व्हरांड्याच्या टोकाशी उभा राहून त्यांच्याकडंच बघत होता.

४

"पिराजी, आत चल. ऑक्टोबरची पाणीवही काढून दे मला."

दादासो तारघरात गेले होते. पिराजी कपाटापुढं उभा राहिला. वह्यांवरून त्याची नजर वरून खाली फिरली, खालून वर आली. कपाळावर घाम दिसायला लागला. शेवटी त्यानं एक वही उपसली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. मार्चची होती. उलटी धरलेली होती.

मास्तरांनी वही घेतली, सरळ केली. तीन वर्षं! दर पावसाळ्यात या माणसाच्या वहीत रोज पाच-पाच वाक्यं. आणि याला ऑक्टोबर ओळखता येत नाही?

"बस पिराजी."

"उभाच बरा हाय मी."

"तुझ्या वहीत सगळी वाक्यं नदीची कशी रे? मी सीताबाईला म्हणायचो, या गड्याच्या आयुष्यात नदीशिवाय काही घडतच नाही. बायको नाही, पोरं नाहीत, जत्रा नाही. नदी सकाळपासून चढते आहे. नदी दोन दिवस उतरते आहे. आणि वही यायची ती आषाढ ते आश्विन. मी समजायचो, पेरण्या आटोपल्या की शिकायला सवड मिळते. तुझं शेत कुठं आहे?"

"शेत कुठलं, मास्तर?"

"मग दर दसऱ्याला घनसाळ तांदूळ कुठून आणायचास? आजऱ्याचा असायचा. आजरा ही तर दादासोंची सासुरवाडी."

पिराजीनं तोंड फिरवलं.

मास्तर कपाटापाशी गेले. वह्यांच्या पाठीवरची नावं त्यांनी आता नीट बघितली, अक्षर म्हणून. शेवटच्या अक्षराची शेपटी वर उचलून मागं वळवलेली. हे वळण त्यांनी शेकडो पानांवर तपासलं होतं, तांबड्या शाईनं दुरुस्त केलं होतं, आणि पिराजीचं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"ते अक्षर तुझं नव्हतं."

"मी निस्ता आननारा, मास्तर," पिराजी पुटपुटला. "वही तुमच्याकडं न्यायची, तपासली की परत आनायची. कुनाला सांगायचं न्हाय, अशी पोराची आन घातल्याली. मला काय ठावं आत काय असतंय."

"गेल्या आठवड्यात जुनी वही मागायला कुणी धाडलं?"

पिराजीनं तारघराच्या दाराकडं बघितलं. बोलायची गरजही राहिली नव्हती. चोर सापडला होता. मास्तर टोपी सारखी करून घराकडं निघाले ते विजयाच्या ऐटीत. जुनी वही काढायची, अक्षराला अक्षर लावायचं, झालं.

अर्ध्या वाटेवर त्यांचा पाय मंदावला. ही वाक्यं सरावाची नव्हती, हे त्यांना आत्ता कुठं उमगत होतं. त्या तारा होत्या.

५

फळीवरची गठडी त्यांनी स्वतः काढली. सीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जेवायला चला, दिवस मावळायला आला." मास्तरांनी ऐकलं नाही. पानं उलटत ते त्या तारखेवर आले.

पान पावसाच्या थेंबांनी डागळलेलं होतं. अक्षर घाईचं. वर एकच वाक्य: द रिव्हर... नदी दुपारपासून चढते आहे. खाली दुसरं: पाणी लाल खुणेवर आहे. तिसरं: वाड्यांना संध्याकाळच्या आत हलवावं. दुपारी लिहिलेलं. म्हणजे लालासाब खरं बोलत होता. घास टाकून पळाला होता तो.

आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात मास्तरांचं स्वतःचं अक्षर, तांबडं, ठसठशीत. मिळाली, साडेबारा. परत दिली, साडेसहा.

सहा तास.

एक शब्द त्यांनी खोडला होता, एक जागेवर बसवला होता. आणि घाईचं अक्षर बघून समासात इंग्रजीत शेरा मारला होता: वाक्यं चांगली. घाई करू नये.

"अहो, काय झालं?"

"त्या दिवशी मी काय करत होतो?" त्यांनी तारीख सांगितली.

सीताबाईंना पुराचा दिवस विसरता येण्यासारखा नव्हता. "चातुर्मास होता. वही फळीवर ठेवून बसदीत मुनींच्या प्रवचनाला गेलात, ते तीनला आलात. भिजला होता म्हणून पांघरूण घेऊन पडलात. उठलात, दिवस असताना जेवलात, मग वह्या घेतल्या." त्या थांबल्या. "तो पिराजी तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा ओसरीपुढं भिजत उभाच राहिला. मी विचारलं, काही घाईचं आहे का रे? उठवू का? तर म्हणाला, न्हाय, घाई कसली, अभ्यासाचीच वही."

मास्तरांनी वही मिटली. पुरावा म्हणून ही एकच वही उरली होती, आणि ती त्यांच्याच घरात होती. चुलीत अजून विस्तव होता. दादासो बोलणार नव्हते, पिराजी आणभाकेत अडकलेला. वही नसेल तर उद्या लालासाब जाईल, पण मास्तरांचं नाव कुठंच येणार नाही. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला म्हणून त्यांना स्वतःची शिसारी आली. दिवसभर ते तीन माणसांवर संशय घेत हिंडले होते. चौथा आरशात होता.

त्या गुरुवारी ते जेवले नाहीत.

६

शुक्रवारी साहेबाच्या आधी तासभर मास्तर कचेरीत पोचले. दादासोंच्या पुढ्यात त्यांनी वही उघडून ठेवली आणि शेजारी मार्चची पाणीवही आडवी ठेवली, नाव वर करून.

"घसा कधीच धरला नव्हता, दादासो. इंग्रजी बोलायची भीती होती. कागदावरचं इंग्रजी माझं होतं. लालासाब दुपारी आला, तुम्ही पाणीवहीत खरी वेळ लिहिली, तारेचा मजकूर केला आणि तो तपासायला माझ्याकडं धाडला. तो माझ्याकडं पडून राहिला. पुढं सात माणसं गेल्यावर ती दुपारची नोंद तुमच्या गळ्याशी आली. लालासाब नमाजाला गेला, किल्ली खुंटीला होती. बारा वह्यांतली एकच उचलली, कारण पाठीवरचं नाव तुम्हीच लिहिलेलं. आणि पिराजीला माझ्याकडं ही वही मागायला लावलंत."

दादासोंनी वहीवरून हात फिरवला. नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी गळपट्टा सोडला आणि मांडीवर ठेवला.

"आधीचा साहेब हसला हुता, मास्तर," ते म्हणाले. "माझी तार त्यानं मोठ्यानं वाचली. शिपायांच्या समोर. पोट धरून हसला. मला कळंना काय चुकलं ते. अजून कळलेलं न्हाय. त्या दिवसापासून तुम्ही बघितल्याबिगर एक तार मी सोडली न्हाय."

"त्या दिवशी तरी सोडायची. वॉटर कम, रन. एवढं लिहिलं असतं तरी स्टेशनमास्तर समजला असता."

"आता वाटतंय तसं. त्या वक्ताला वाटलं, येईल की एवढ्यात वही. मास्तर काय तीन वाक्यांना सहा तास लावत न्हाईत."

मास्तरांनी पानाच्या कोपऱ्यातल्या तांबड्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"पाणीवही कुठं आहे?"

"घरी, तांदळाच्या कणगीत. जाळायला काढली हुती. हात धजला न्हाय. तेवढं एक खरं लिहिल्यालं हाय त्यात." पिराजी न सांगताच ती आणायला गेला.

साहेबासमोर मास्तर उभे राहून बोलले. सगळ्यांचे जबाब झाल्यावर त्यांनी आपला, न मागितलेला, वाचून दाखवला. आयुष्यभर शिकवलेले शब्द त्यात होते. दुपारपासून, सहा तास, साडेसहापर्यंत. बातमी माझ्या फळीवर होती, मी झोपलो होतो, मी जेवत होतो. साहेबानं मधे थांबवून विचारलं, तुम्हाला तर ठाऊक नव्हतं ना? मास्तर म्हणाले, नव्हतं. तीन वर्षं एक माणूस नदीशिवाय दुसरं काही लिहीत नाही, हे मला दिसलं, आणि त्याचा मी घरात विनोद केला. साहेबानं ते लिहून घेतलं. दादासोंना त्यानं तिथंच कामावरून दूर केलं. लालासाबला काही बोलला नाही, फक्त चौकशीसाठी काढून घेतलेली किल्ली त्याच्या हातात परत दिली.

लालबी घाटाच्या वरच्या पायरीवर वाट बघत होती. मास्तर तिच्याजवळ गेले आणि तिच्याच भाषेत बोलायचं त्यांनी ठरवलं.

"दिवस डोक्यावर होता, लालबी. तुझ्या नवऱ्यानं दुसरा घास घेतला नाही. पळत येऊन सांगितलं."

तिनं डोळे मिटले. "मग?"

"मग ती खबर माझ्या घरी आली. दिवस मावळतीला जाईपर्यंत माझ्या फळीवर पडून होती. मला माहीत नव्हतं. पण माझ्याच फळीवर होती."

लालबीनं पदर खोचला. खाली लालासाब नेहमीसारखा खांबासमोर बसला होता, मातीचा गडू शेजारी. ती पायऱ्या उतरत गेली. त्याच्याशी बोलली नाही. वाकून त्याचा गडू उचलला आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्याली. लालासाबनं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले.

वर येताना ती मास्तरांपाशी थांबली.

"तुमी सुलतानबीला बुडिवली, असं मी म्हननार न्हाय," ती म्हणाली. "पन त्या दिशी जेवलासा न्हवं तुमी?"

"जेवलो."

"व्हय." आणि ती गेली.

त्या आषाढात कचेरीत नवा कारकून आला. तारा आता मास्तरांकडं येत नव्हत्या; तसं मास्तरांनीच लिहून दिलं होतं. पाणी पहिल्यांदा खुणेला लागलं त्या दिवशी लालासाबनं खालूनच हाक दिली आणि कारकुनानं खिडकीतून ऐकून तारबाबूच्या हातात कागद दिला. त्याची नक्कल संध्याकाळी मास्तरांच्या पाहण्यात आली. दोन ओळींत तीन चुका होत्या. मास्तरांनी त्या ओळखल्या, आणि कागदावर तार सुटल्याची वेळ शोधली. लालासाब घाटाच्या पायऱ्या चढून वर यायच्या आत ती गेली होती.